येडगाव जलाशयावरील यांत्रिक नाव आणि तिच्या पंख्याची निवड

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर येडगाव येथे बांधलेले धरण १९७७ साली पूर्ण झाले. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांत त्याचे स्थान काहीसे वेगळे आहे. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभे येथे साठविलेल्या पाण्याचा काही भाग येथे आणला जातो, आणि येथून तो कुकडी डाव्या कालव्याच्या वाटे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व करमाळा या कमी पावसाच्या तालुक्यांकडे जातो. येडगाव हे अशा रीतीने वाटपाचे ठिकाण होय. कालव्याचे आवर्तन सुरू झाले की येथील पातळी उतरू लागते; वरून पाणी सोडले की ती पुन्हा चढते. ओझरच्या विघ्नहराच्या घाटाजवळ आज जेथे खोल पाणी दिसते, तेथे काही आठवड्यांनी पाणी पुष्कळ ओसरलेले असू शकते. नाव चालविणाऱ्याच्या दृष्टीने हे पाणी कधीच एकसारखे नसते.

अशा जलाशयांवर मासेमारी, पाण्याची व गाळाची पाहणी, आणि प्रसंगी बुडालेल्यांचा शोध, अशा अनेक कामांसाठी नाव लागते. शेजारच्या डिंभे जलाशयाच्या काठी तर धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासी कुटुंबांनी मच्छीमार सहकारी संस्था उभारून मासेमारीचा आधार घेतला. वल्ह्यांच्या जागी नावेच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवावयाचे लहान एंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, आले की श्रम वाचतात व अंतर लवकर तुटते. पण त्याबरोबर इंधनाचा रोजचा खर्च आणि एंजिनाच्या दुरुस्तीची चिंताही येते. हा खर्च किती होईल, एंजिन किती वर्षे टिकेल आणि उलट्या वाऱ्यात नाव काठाला पोचेल की नाही, या तिन्ही गोष्टी पुष्कळ अंशी पाण्याखाली दडलेल्या एका लहानशा वस्तूवर अवलंबून असतात. ती वस्तू म्हणजे एंजिनाचा पंखा, अर्थात प्रोपेलर.

पंखा विकत घेताना बहुधा असे विचारले जाते की, कोणता पंखा लावला असता नाव अधिक वेगाने धावेल? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणाहून सुरू होतो. नेहमीचा भार घेऊन, नेहमीच्या पाण्यात, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर एंजिनास त्याच्या निर्मात्याने नेमून दिलेल्या फेऱ्यांपर्यंत जाऊ देणारा पंखा कोणता, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दुकानातील तक्त्यात पूर्णपणे मिळत नाही; ते त्या पाण्यावर मोजूनच काढावे लागते.

१. पंख्याचे कार्य

पाण्यात फिरणारा पंखा हा मळसूत्राचाच एक प्रकार होय. लाकडात स्क्रू फिरविला असता तो प्रत्येक फेऱ्यास ठराविक अंतर आत जातो. पंखाही त्याच तत्त्वाने पाण्यात पुढे सरकतो. इंग्लंडमध्ये १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन यांनी जहाजास गती देणाऱ्या मळसूत्राची स्वतंत्रपणे पेटंटे घेतली. स्मिथचे पहिले मळसूत्र लाकडी असून त्यास दोन पूर्ण आटे होते. १८३७ साली पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी चालू असता त्याचा जवळजवळ अर्धा भाग मोडून पडला. नाव आता थांबणार असे वाटावे, तो ती पूर्वीपेक्षा अधिक वेगाने चालू लागली. मळसूत्र जेवढे मोठे तेवढे चांगले, ही स्वाभाविक समजूत पंख्याच्या इतिहासाच्या आरंभीच अशी खोटी ठरली. तरीही ती आजतागायत पुष्कळ ठिकाणी जिवंत आहे.

पंख्याच्या मधल्या तुंब्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ, ९¼ × १०. यांतील पहिला आकडा व्यासाचा व दुसरा पिचचा असून दोन्ही इंचांत असतात. व्यास म्हणजे पात्यांची टोके फिरताना जे वर्तुळ आखतात त्याची रुंदी. पिच म्हणजे पाणी लाकडासारखे घट्ट असते तर पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकला असता ते अंतर. पात्यांचा पीळ जितका अधिक उभा, तितका पिच मोठा.

परंतु पाणी घट्ट नाही. ते मागे सरते. त्यामुळे नाव हिशेबाच्या अंतरापेक्षा कमीच पुढे जाते. या दोहोंतील फरकास घसर म्हणतात. घसर हा केवळ दोष आहे असे मात्र समजू नये. पाणी मागे ढकलले गेले नाही तर नावेस पुढचा रेटाही मिळणार नाही. हलकी, वेगवान नाव थोड्या घसरीने चालते. जड, मंद नावेची घसर सहज ४० टक्क्यांवर जाते. विचार करावयाचा तो घसर अवाजवी आहे काय याचा.

२. व्यास व पिच यांचे परस्परसंबंध

नावेस मिळणारा रेटा हा दर सेकंदास मागे ढकललेले पाणी आणि त्यास दिलेला वेग यांच्या गुणाकाराएवढा असतो. समजा, एका पंख्याने सेकंदास १०० किलोग्रॅम पाणी ४ मीटर वेगाने मागे लोटले, आणि दुसऱ्याने २०० किलोग्रॅम पाणी २ मीटर वेगाने लोटले. दोहोंचा रेटा सारखाच, म्हणजे ४०० न्यूटन. परंतु पाण्यास दिलेली ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने पहिल्याने सेकंदास ८०० जूल खर्च केले, तर दुसऱ्याने ४०० जूल. म्हणजे पुष्कळ पाणी सावकाश लोटणे हे थोडे पाणी जोराने लोटण्यापेक्षा काटकसरीचे आहे. म्हणून जड व मंद चालणाऱ्या नावेस मोठ्या व्यासाचा आणि लहान पिचचा पंखा मानवतो. हलक्या, वेगाने धावणाऱ्या नावेस मोठा पिच चालतो. कारण तिच्या पंख्याकडे येणारे पाणीच मुळी वेगाने येत असते.

आउटबोर्ड एंजिनात व्यास वाढविण्यास फारसा वाव नसतो. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते आणि तिच्याखालील जागा ठराविक असते. व्यवहारात निवड करावयाची ती मुख्यतः पिचची. पात्यांची संख्याही पाहावी लागते. तीन पाती ही सर्वसाधारण रचना होय. चार पात्यांचा पंखा पाण्यास अधिक धरून राहतो, कंप कमी करतो व जड भार चांगला ओढतो. मात्र त्याच पिचच्या तीन पात्यांच्या पंख्यापेक्षा तो एंजिनाचे फेरे थोडे कमी करतो. म्हणून चार पाती घेताना पिच थोडा उतरवावा लागतो.

३. एंजिन व पंखा यांचा मेळ

प्रत्येक एंजिनाच्या माहितीपुस्तकात थ्रॉटल पूर्ण उघडा असताना दर मिनिटास किती फेरे अपेक्षित आहेत याची मर्यादा दिलेली असते; उदाहरणार्थ, ५,००० ते ६,०००. एंजिनाची सांगितलेली शक्ती याच फेऱ्यांत मिळते. पंखा फिरविण्यास लागणारा पीळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. यास्तव ज्या ठिकाणी एंजिन देऊ शकत असलेली शक्ती व पंखा मागत असलेली शक्ती समान होतात, तेथे फेरे स्थिरावतात. तो बिंदू कोठे यावा हे पंख्याच्या निवडीने ठरते.

पिच फार मोठा असल्यास पंखा एंजिनास जड होतो. थ्रॉटल पूर्ण उघडूनही फेरे नेमस्त मर्यादेपर्यंत जात नाहीत. चढावर गाडी वरच्या गिअरात रेटली असता एंजिन जसे कण्हू लागते, तसाच हा प्रकार होय. दट्ट्यांवरील दाब व उष्णता वाढतात, काजळी साचते, इंधन अधिक जळते आणि नाव मात्र मंद चालते. हे सर्व घडत असताना एंजिनाचा आवाज शांत असतो, त्यामुळे ते सुखाने चालले आहे असा भ्रम होतो. जड पंख्याचा धोका या शांतपणातच आहे.

उलट पिच फार लहान असल्यास एंजिन मर्यादेपलीकडे धावते. त्याचा आवाज कर्कश होतो. झडपा, दांडे व बेअरिंगे यांवर नको तेवढा ताण पडतो. हा दोष कानाला लगेच कळतो आणि थ्रॉटल थोडे मिटून टाळताही येतो. जड पंख्याच्या दोषावर असा उपाय नाही. कारण उघडावयास थ्रॉटल शिल्लकच राहिलेले नसते. दोन पंख्यांत निवड अवघड झाली तर लहान पिचचा घ्यावा, या व्यावहारिक नियमाचे मर्म यात आहे.

४. येडगावची उंची व तेथील हवा

कोकणच्या किनाऱ्यावर ज्या एंजिनास जो पंखा मानवला, तोच येडगावास मानवेल काय? येडगावचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा दाब सुमारे १,०१३ वरून ९४० मिलिबारच्या आसपास येतो. तापमान सारखे धरल्यास हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ असते. एंजिन आपल्या प्रत्येक श्वासात तेवढी कमी हवा घेते आणि त्याचा पीळही जवळपास तेवढाच घटतो. इंधन फवारणारी आधुनिक एंजिने हवेच्या मानाने इंधन जुळवून घेतात. तथापि जी हवा आत आलीच नाही, तिची शक्ती त्यांनाही निर्माण करता येत नाही.

दुसऱ्या बाजूस, जलाशयाचे पाणी गोडे आहे. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असल्याने पंखा फिरविणे तेवढे सोपे जाते. अर्थात त्याच कारणाने नाव पाण्यात किंचित खोलही बसते. या दोन्ही गोष्टींचा एकत्र हिशेब केल्यास, किनाऱ्यावर ५,५०० फेरे देणारे एंजिन तोच पंखा व तोच भार घेऊन येडगावास सुमारे १०० ते १३० फेरे कमी देईल असे निघते. हा फरक अगदीच नगण्य नाही, पण एवढ्यासाठी पंखा बदलावा असाही नाही.

परंतु त्यात उन्हाळ्याची भर घालावी लागते. हिवाळ्यातील पहाटे १५ अंश सेल्सिअस तापमान असताना हवा जितकी दाट असते, तिच्या मानाने वैशाखातील ३८ अंशांच्या दुपारी ती आणखी सुमारे ७ टक्के विरळ होते. म्हणजे एकाच घाटावर पहाट व दुपार यांत जो फरक पडतो, तो समुद्रकिनारा व येडगाव यांतील फरकाएवढाच आहे. जानेवारीच्या सकाळी रिकाम्या नावेवर तपासून घेतलेला पंखा मे महिन्याच्या दुपारी भरल्या नावेवर जड का वाटतो, याचे हे एक कारण होय.

५. भाराचा वाटा

उंची व उष्णता यांपेक्षा भाराचा परिणाम पुष्कळ मोठा असतो. नाव विकणारा ती दाखविताना बहुधा दोनच माणसे बसवितो. प्रत्यक्ष कामात तीच नाव जाळी, बर्फ, मासळी व तीन-चार माणसे वाहून नेते. हलकी असताना नाव पाण्यावर उचलली जाऊन जवळजवळ तरंगत धावते. भार वाढला की ती पाणी कापत, नव्हे नांगरत चालते. तिचा वेग उतरतो, पंख्याकडे येणारे पाणी मंदावते, पात्यांवरील ताण वाढतो आणि फेरे खाली येतात.

यास्तव पंखा निवडताना नावेचा सर्वोत्तम दिवस डोळ्यांपुढे न ठेवता तिचा नेहमीचा दिवस ठेवावा. ज्या नावेचा भार दिवसागणिक फार बदलतो, तिच्यासाठी दोन पंखे बाळगणे हा महाग वाटला तरी दूरदृष्टीचा मार्ग होय. एक पंखा भरल्या नावेसाठी, दुसरा हलक्या कामासाठी. दुसरा पंखा असला म्हणजे पहिल्यास अपघात झाला तरी नाव पाण्यात अडकून पडत नाही.

६. प्रत्यक्ष चाचणी व हिशेब

चाचणीसाठी फार साहित्य लागत नाही. लहान एंजिनांवर फेरे दाखविणारे यंत्र बहुधा नसते. पण स्पार्क प्लगच्या तारेभोवती गुंडाळून फेरे मोजणारे लहान टॅकोमीटर मिळतात. वेग मोजण्यास उपग्रहांवरून स्थान दाखविणारा साधा मोबाइल फोन पुरतो. नावेत नेहमीची माणसे व नेहमीचा माल घ्यावा. एंजिन चांगले तापू द्यावे. खोल व मोकळ्या पाण्यात थ्रॉटल पूर्ण उघडून फेरे व वेग टिपावेत, आणि वाऱ्याचा परिणाम निघून जावा म्हणून हीच चाचणी उलट दिशेनेही करून सरासरी घ्यावी.

उदाहरणादाखल एक कल्पित नाव घेऊ. एंजिन सुमारे १० अश्वशक्तीचे, नेमस्त फेरे ५,००० ते ६,०००, आणि दंतचक्रांचे प्रमाण २.०८, म्हणजे एंजिनाच्या २.०८ फेऱ्यांस पंख्याचा एक फेरा. पंखा १० इंच पिचचा. भरल्या नावेवर फेरे ५,०५० व वेग ताशी २० किलोमीटर आढळला असे समजू. पंख्याचे फेरे ५,०५० भागिले २.०८, म्हणजे मिनिटास सुमारे २,४२८. दहा इंच म्हणजे २५.४ सेंटिमीटर. यावरून घसर नसती तर वेग ताशी ३७ किलोमीटर झाला असता. प्रत्यक्षात तो २० आहे. म्हणजे घसर ४६ टक्के.

फेरे ५,०५० असल्याने एंजिन मर्यादेच्या आत आहे असे वरवर दिसते. पण ते मर्यादेच्या तळाशी आहे. भार थोडा वाढला किंवा दुपार तापली की ते मर्यादेखाली जाईल. लक्ष्य मर्यादेच्या मध्यावर, म्हणजे ५,५०० वर ठेवावे. कमी पडणारे फेरे ४५०. मोठ्या एंजिनांच्या पंख्यांबाबत पिच एक इंच बदलल्यास फेरे १५० ते २०० ने बदलतात असा ठोकताळा प्रचलित आहे. लहान एंजिनांचा पिचच लहान असल्याने एक इंचाचा वाटा त्यात मोठा असतो. तेथे हा फरक सुमारे ३०० धरता येईल. या हिशेबाने दीड इंच पिच उतरवावा, म्हणजे ८½ इंचांचा पंखा घ्यावा असे निघते.

तो पंखा लावल्यावर फेरे ५,५०० झाले तर घसरविरहित वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर येतो. हा आकडा आधीच्या ३७ पेक्षा लहान आहे. तरीही एंजिन आता आपली पूर्ण शक्ती देत असल्याने प्रत्यक्ष वेग कमी न होता थोडा वाढू शकतो. तो २१ झाला, तर घसर ४६ वरून सुमारे ३९ टक्क्यांवर येईल. लहान पिचने नाव वेगवान होणे हे विपरीत वाटले, तरी त्यात गूढ काही नाही. ठोकताळा हा मात्र ठोकताळाच. नवा पंखा लावल्यावर चाचणी पुन्हा करावी, आणि शक्य तर पंखा विकत घेण्यापूर्वी दुसऱ्या नावेचा उसना आणून पाहावा.

पंखा योग्य ठरल्यावर इंधनाची खरी बचत हातातील थ्रॉटलने होते. शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात लागत असल्याने फेरे १० टक्क्यांनी उतरविले की पंखा २७ टक्के कमी शक्ती मागतो. मंद चालणाऱ्या भरल्या नावेचा वेग मात्र त्या मानाने थोडाच घटतो. घाई नसता पूर्ण थ्रॉटलने चालणे म्हणजे इंधन पाण्यात ओतणे होय.

७. पंख्याचा नसलेला दोष

कधी कधी एंजिन एकाएकी जोराने घरघरू लागते आणि नावेचा वेग मात्र पडतो. हा बहुधा पिचचा दोष नसतो. पंखा पृष्ठभागावरील हवा खाली ओढून घेतो आणि पाण्याऐवजी हवेच्या फेसात फिरू लागतो. एंजिन फार उंच बसविलेले असणे किंवा नाव झटकन वळविणे ही त्याची नेहमीची कारणे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली असावी. मागची फळी १५ इंच उंचीची असेल तर लहान दांड्याचे, आणि २० इंचांची असेल तर लांब दांड्याचे एंजिन घ्यावे. ही जुळणी तपासल्यावाचून पंखा बदलणे व्यर्थ होय.

याहून निराळा प्रकार म्हणजे पात्यांवर पोकळी निर्माण होणे. पाते फार वेगाने फिरले की त्याच्या पाठीवरील दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही त्याची वाफ होते. त्या वाफेचे बुडबुडे फुटताना धातू कुरतडला जातो व रेटा नष्ट होतो. चार्ल्स पार्सन्स यांची टर्बिनिया ही बाष्पटर्बाइनवर चालणारी पहिली नौका १८९४ साली पाण्यात उतरली, तेव्हा यंत्रात बळ असूनही तिला अपेक्षित वेग येईना. पोकळीचा हा प्रकार ओळखून पार्सन्स यांनी एकाऐवजी तीन दांडे व त्यांवर एकूण नऊ पंखे बसविले. १८९७ साली तीच नौका ३४ नॉट्सच्या वेगाने धावली. शक्ती असणे व ती पाण्यास देता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे टर्बिनियाने जगास दाखवून दिले. येडगावच्या लहान नावेवर हा दोष उद्भवतो तो बहुधा पात्याची कड मोडलेली वा वाकलेली असल्यामुळे. म्हणून कड कानशीने नीट करणे, तिन्ही पाती सारखी आहेत याची खात्री करणे आणि कंप जाणवल्यास पंखा काढून पाहणे इष्ट होय.

८. खडक, जाळी व जलपर्णी

आवर्तनानंतर पाणी उतरले की बुडालेले खडक, जुने बांध व झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या जवळ येतात. अशा पाण्यात ॲल्युमिनियमचा पंखा पोलादी पंख्यापेक्षा कमी टिकाऊ असूनही अधिक सोयीचा. पोलादी पाते पातळ व ताठ असल्याने कार्यक्षम असते. परंतु खडकावर आदळल्यास ते स्वतः न वाकता धक्का आतील दंतचक्रांकडे पोचविते. ॲल्युमिनियमचे पाते वाकते किंवा तुटते आणि दंतचक्रे वाचण्याचा संभव वाढतो. फार लहान एंजिनांत पंखा व दांडा यांना जोडणारी मऊ धातूची खीळ असते. धक्का बसताच ती तुटावी हीच योजना असते. तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकणे म्हणजे स्वस्त वस्तू वाचवून महाग वस्तू मोडणे. मोठ्या एंजिनांत हेच काम तुंब्यातील रबराची बैठक करते. ती सैल झाली की एंजिन धावते, पण पंखा मागे पडतो. त्या वेळीही दोष पिचचा नसतो.

नायलॉनच्या जाळ्याचा धागा पंख्यामागील दांड्यावर गुंडाळला गेला तर तो तेथील सील कापतो. मग पाणी दंतचक्रांच्या तेलात शिरते व तेल दुधाळ दिसू लागते. जलपर्णीतून नाव काढताना एंजिन बंद करून ते उचलावे व वल्ह्याने मार्ग काढावा. दर आठवड्यास पंखा काढून दांडा पुसणे व त्यास ग्रीस लावणे या पंधरा मिनिटांच्या कामाने पुष्कळ खर्च टळतो. सुटी खीळ, पाना व वल्ही नावेत सदैव असावीत.

९. वारा व राखीव बळ

कुकडी पुढे घोड नदीस मिळते, घोड भीमेस, आणि भीमेवर उजनीचा विस्तीर्ण जलाशय आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी प्रवाशांची नाव वादळी वाऱ्यात उजनीत उलटली व सहा जण मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचा संबंध पंख्याशी जोडण्याचा येथे हेतू नाही. वळवाच्या दिवसांत आपल्या जलाशयांवर वारा किती अकस्मात उठतो, एवढेच त्यावरून ध्यानी घ्यावयाचे.

अशा वाऱ्यात नावेस उच्च वेग लागत नाही. तिला मंद वेगातील भरपूर रेटा लागतो. नाव लाटेकडे तोंड करून धरता आली पाहिजे व सावकाश का होईना काठाकडे सरकली पाहिजे. जड पंख्याच्या नावेजवळ हे राखीव बळ नसते, कारण तिचे एंजिन शांत पाण्यातच थकलेले असते. लहान पिचचा पंखा येथे आपले मोल दाखवितो. तथापि कोणताही पंखा जादा भरलेल्या नावेस सुरक्षित करीत नाही आणि जीवरक्षक जाकिटाची जागा घेत नाही. आभाळ भरून आले असता नाव न सोडणे हा पंख्याच्या कोणत्याही निवडीपेक्षा श्रेष्ठ उपाय होय.

१०. उपसंहार

सारांश, निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम एंजिनाची उंची व पंख्याची स्थिती तपासावी. नंतर माहितीपुस्तकातून नेमस्त फेरे पाहावेत. मग उन्हाळ्याच्या दुपारी, नेहमीचा पूर्ण भार घेऊन, दोन्ही दिशांनी चाचणी करावी. फेरे मर्यादेच्या मध्याखाली राहिल्यास पिच उतरवावा. मर्यादेपलीकडे गेल्यास चढवावा. खडकाळ व बदलत्या पाण्यात ॲल्युमिनियम पत्करावे. ज्या पंख्याने एंजिन मर्यादेच्या मध्यावर स्थिर राहील, तोच त्या नावेचा पंखा होय. मग त्यावर कोरलेला आकडा शेजाऱ्याच्या पंख्यावरील आकड्यापेक्षा लहान का असेना.

येथे केलेला हिशेब येडगावापुरता असला तरी पद्धत कोणत्याही जलाशयास लागू पडते. वडज, माणिकडोह व डिंभे येथील नावांच्या चालकांनी अशा चाचण्या करून फेरे, भार, तापमान व वेग यांची साधी वही ठेवली, तर काही वर्षांत या तालुक्यांच्या पाण्यास अनुरूप असे अनुभवसिद्ध कोष्टक तयार होईल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक टॅकोमीटर, एक वही आणि नियमितपणा एवढे पुरेसे आहे.